आमच्या मुलीला ताप आलेला नाही

प्रति,
शाळांची संचालक मंडळं, परीक्षा मंडळाचे अधिकारी आणि राज्यातल्या टेनिसचा कारभार पाहणारे पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या आठवड्यात मुलीच्या डायरीत एक छापील चिठ्ठी चिकटवून आली. वैद्यकीय कारण वगळता अन्य कोणत्याही कारणास्तव चुकलेली चाचणी, तोंडी परीक्षा अथवा प्रात्यक्षिक यंदापासून पुन्हा घेतले जाणार नाही. खाली मुख्याध्यापकांची सही आणि पालकांच्या सहीसाठी रिकामी ओळ. ती ओळ आमच्या डायरीत अजून रिकामीच आहे.

मी शाळेत गेले. ऑफिसातल्या क्लार्कबाई स्वभावाने चांगल्या आहेत, मुलीला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, "अहो ताई, एवढं काय मनावर घेता? डॉक्टरांचा एक दाखला आणायचा. ताप, जुलाब, काहीही. सगळेच आणतात."

घरी येऊन मी हे मुलीला सांगितलं. ती चौदा वर्षांची आहे, नववीत. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "आणि मी जिंकले, पेपरात फोटो आला, तर?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, आणि उघडपणे लिहिते आहे, कारण माझ्यासारखे पालक प्रत्येक जिल्ह्यात आहेत आणि त्यातले बरेच जण नाइलाजाने तो दाखला आणतात.

आम्ही सांगलीचे. मी एका पतसंस्थेत नोकरी करते, मुलीचे बाबा दुकान सांभाळतात. ती सात वर्षांची असल्यापासून टेनिस खेळते. पहाटे साडेपाचला उठते. सहा ते साडेआठ कोर्टवर. मग आंघोळ, पोळीभाजी, अकराची शाळा. सव्वापाचला सुटली की पुन्हा दीड तास खेळ. कोर्टवर दिवे चार आहेत, त्यातले दोन लागतात. रात्री गृहपाठ. दर आठ-दहा दिवसांनी रॅकेटचं गटिंग तुटतं आणि त्या संध्याकाळी घरात जरा जास्तच शांतता असते, कारण पैशांचा विषय कोणालाच काढायचा नसतो. यात आमचं काही विशेष कौतुक नाही. हा खेळ मनापासून खेळणारी बहुतेक मुलं असाच दिवस काढतात.

टेनिसची अडचण अशी की हा खेळ शाळेच्या रजेच्या अर्जात मावत नाही. अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या १२, १४, १६ आणि १८ वर्षांखालच्या रँकिंग स्पर्धा वर्षभर कुठे ना कुठे चालू असतात. मोठी स्पर्धा म्हणजे एक अख्खा आठवडा. शनिवार-रविवारी पात्रता फेरी, सोमवारपासून मुख्य ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्या तक्त्यातले मुख्य सामने. सोमवारी हरलात तर रात्रीच्या गाडीने घरी; जिंकत गेलात तर आठवडाअखेरपर्यंत मुक्काम. अर्जावर 'दिनांक अमुकपासून तमुकपर्यंत' अशी जागा असते. त्या 'पर्यंत'च्या आधी काय लिहायचं? मी एकदा 'हरेपर्यंत' असं लिहिलं होतं. वर्गशिक्षिका हसल्या, पण अर्ज परत आला.

थोडक्यात, मूल जितकं चांगलं खेळेल तितकी त्याची शाळा जास्त बुडते. पहिल्याच फेरीत हरणाऱ्या मुलीची हजेरी शाबूत राहते.

गेल्या वर्षी आमची मुलगी एका स्पर्धेत दुहेरीत जिंकली. स्थानिक पेपरात चौकोनी फोटो आला. शाळेने तो कापून दर्शनी फळ्यावर लावला, वर रंगीत खडूने 'शाळेची शान' असं लिहिलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्याच आठवड्यात वर्गाच्या हजेरीपटात तिच्या नावापुढे पाच दिवस 'गैरहजर' आहे, आणि त्यातल्या एका दिवशी झालेल्या विज्ञानाच्या चाचणीत शून्य. फळा आणि हजेरीपट यांच्यामध्ये फार तर वीस पावलांचं अंतर असेल.

आता एकेक गाऱ्हाणं मांडते.

पहिलं हजेरीचं. शालेय क्रीडा स्पर्धा तुम्हाला मान्य आहेत. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ती शिडी आहे, तिच्यात लॉन टेनिसही आहे, आणि त्यासाठी मूल गेलं की शाळा आनंदाने सोडते. कधी कधी पीटीचे सर स्वतः घेऊन जातात. पण जिल्ह्याची टेनिस स्पर्धा आमच्याकडे एका दिवसात आटोपते. मुलीला तिथे दोन-तीन सामने मिळतात. तिचं रँकिंग ठरतं ते बाहेरच्या स्पर्धांवर, आणि त्या रँकिंगवरच पुढच्या स्पर्धेचा प्रवेश ठरतो. ज्यावर सगळं उभं आहे त्या स्पर्धेला शाळेच्या लेखी नाव नाही. तिथे गेलं की मूल 'खासगी कारणाने' गैरहजर. लग्नाला गेलं तरी तेच, टेनिस खेळायला गेलं तरी तेच.

दुसरं, मला सगळ्यात जास्त बोचणारं. आपल्याकडे खेळाडूंना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात, जास्तीत जास्त २५. सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. यामागची भावना मला कळते आणि ज्या मुलांना त्याचा आधार होतो त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण आमच्या मुलीला गुण नको आहेत, तिला तारीख हवी आहे. भूमितीचं प्रमेय तिला येतं. मराठीच्या तोंडी परीक्षेत ती फडाफडा बोलेल. पेपर ऐंशी गुणांचा आणि तोंडी किंवा अंतर्गत वीस गुणांचे, या रचनेत वर्षभर थोडं थोडं करून गुण जमवायचे असतात, आणि नेमके तेच वीस-वीस गुण बाहेरगावी असलेल्या मुलाच्या हातून निसटतात. जे तिला येतं ते दाखवायला आठ दिवसांनी अर्धा तास द्या, एवढंच मागणं. तेवढं द्यायला नियम नाही. न केलेल्या अभ्यासाचे गुण द्यायला मात्र नियम आहे. हा उफराटा कारभार आहे.

तिसरं गाऱ्हाणं सल्ल्याचं. 'मग १७ नंबरचा फॉर्म भरा ना', म्हणजे शाळेत न येता बाहेरून परीक्षेला बसा, असं आम्हाला दोनदा सुचवण्यात आलं, एकदा शाळेत आणि एकदा कोर्टवर. शाळेला वाटतं टेनिस सोडावं. टेनिसवाल्यांना वाटतं शाळा सोडावी. मुक्त विद्यालयातून किंवा बाहेरून परीक्षा देण्यात कमीपणा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची सोय कितीतरी खेळाडू मुलांनी विचार करून निवडली आहे आणि ती त्यांना मानवली आहे. पण निवडणं वेगळं आणि ढकललं जाणं वेगळं. आमच्या मुलीला वर्ग आवडतो. तिला प्रयोगशाळा आवडते, मैत्रिणी आवडतात, मधल्या सुट्टीतला डबा आवडतो. टेनिस फार एकट्याचा खेळ आहे. कोर्टवर प्रशिक्षक बोलायला नसतात, आई बाहेर जाळीपलीकडे. त्या मुलीकडून वर्गही काढून घेतला तर तिच्याजवळ उरतं काय? रँकिंगचा आकडा.

आणि तो आकडा पोट भरेलच याची खात्री कोण देतं? ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉमध्ये एकेरीच्या १२८ जागा असतात, आख्ख्या जगासाठी. आमच्या कोर्टवरच्या वीस-बावीस मुलांपैकी एकही तिथे पोचणार नाही, हे मला माहीत आहे. त्यांनाही बहुधा माहीत असावं. तरीही ती खेळतात आणि खेळावीत.

शिवाय शाळा टिकली तर टेनिसचीच एक वाट उघडी राहते, हे फार कमी लोक लक्षात घेतात. सोमदेव देववर्मनने अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं तिथलं आंतरविद्यापीठ एकेरीचं विजेतेपद मिळवलं, आणि मग तो व्यावसायिक झाला. महेश भूपती मिसिसिपी विद्यापीठातून आला. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात खेळला. आपल्या श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम विद्यापीठात शिकली, खेळली, आणि पुढे हांगझोऊच्या एशियाडमध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आली. ही दारं टेनिसच्या जोरावर उघडतात, पण आत शिरताना गुणपत्रिका मागतात. तिथल्या पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठीय खेळासाठी नववी ते बारावी या चार वर्षांतले १६ मुख्य अभ्यासक्रम पुरे केलेले दाखवावे लागतात. नववीपासून! म्हणजे आत्ता, या वर्षीपासून. विज्ञानाच्या चाचणीतलं ते शून्य फक्त फळ्यापाशी उभ्या असलेल्या आईलाच टोचत नाही.

चौथं गाऱ्हाणं टेनिसच्या पदाधिकाऱ्यांकडे. आमच्या मुलीच्या सहामाही परीक्षेच्याच आठवड्यात तिच्या वयोगटाची स्पर्धा येते, हे आता सलग दुसऱ्यांदा झालं. परीक्षांच्या तारखा शाळागणिक बदलतात हे मान्य. पण राज्यात दिवाळीच्या सुट्टीआधी सहामाही होते, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा असतात, हे काही गुपित नाही. वेळापत्रक आखताना शाळेची दैनंदिनी टेबलावर असते का? आणि स्पर्धेच्या जागी काय चालतं तेही सांगते. पहिला सामना साडेआठला, त्यानंतरचे सगळे 'फॉलोड बाय'. आपला नंबर अकराला लागेल की चारला, हे कोणीच सांगू शकत नाही. टेनिसच्या सामन्याला घड्याळ नसतं, त्याला तुम्ही काय करणार! पण तेवढा वेळ मुलं कुठे बसतात? पार्किंगमधल्या गाड्यांच्या सावलीत, पायऱ्यांवर, प्रसाधनगृहाच्या कट्ट्यावर. आमच्या मुलीने बीजगणिताचं एक अख्खं प्रकरण एका क्लबच्या पंपहाऊसमागे बसून सोडवलं आहे, कारण सावली तिथेच होती. एक खोली, चार टेबलं, पंखा. दुसरं काही लागत नाही.

आता आमची चूक. ती सांगितली नाही तर पत्र एकतर्फी होईल. गेल्या वर्षी पॉइंटच्या मागे लागून मी मुलीला जरा जास्तच पळवलं. लागोपाठ तीन आठवडे तीन गावं. तिसऱ्या गावात ती पहिल्या सेटमध्ये ५-२ अशी पुढे होती आणि तिथून सरळ हरली. बाहेर आल्यावर रडली नाही, फक्त विचारलं, "आई, आज कोणता वार?" मला त्या प्रश्नाची लाज वाटली. पालकांना आवरणारं कोणीतरी हवं, हे मी स्वतःच्या अनुभवावरून म्हणते. जगातल्या टेनिसने हा धडा केव्हाच घेतलाय. जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये चौदा वर्षं पूर्ण होण्याआधीच व्यावसायिक झाली, त्याच वर्षी फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत पोचली, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत थकून बाजूला झाली. तिचं ते सगळं बघून महिला टेनिस संघटनेने १९९५ पासून अठरा वर्षांखालच्या मुलींनी वर्षात किती व्यावसायिक स्पर्धा खेळायच्या यावर वयानुसार मर्यादा घातली. पुढे ती परत आली, ग्रँड स्लॅम जिंकली, ती कहाणी वेगळी.

'हे सगळं परदेशात होतं' असं म्हणणाऱ्यांसाठी दोन देशी उदाहरणं. १९८५ मध्ये चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, अमृतराज कुटुंबाने टेनिस अकादमी सुरू केली. कोलकात्याहून आलेला लिअँडर पेस तिथे राहायचा, सराव करायचा आणि मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या शाळेत जायचा. १९९० मध्ये तो विम्बल्डनचा ज्युनियर विजेता झाला. खेळ आणि शाळा एका छताखाली नव्हते, पण एकमेकांना ओळखत होते, एवढं पुरलं. दुसरं उदाहरण नेमबाज अनिश भानवालाचं. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी तो दहावीत होता. पेपर आणि स्पर्धा एकमेकांवर आल्या. सीबीएसईने त्याला राहिलेले पेपर नंतर देण्याची मुभा दिली. पंधरा वर्षांचा तो मुलगा गोल्ड कोस्टला सुवर्णपदक जिंकून परत आला आणि पेपरला बसला. आभाळ कोसळलं नाही. स्वीडनमध्ये तर १९७२ पासून खेळाडूंसाठी खास उच्च माध्यमिक शाळांची व्यवस्था आहे. पण आपण आधी सांगलीचं बघू.

शेजारच्या कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव २०२२ च्या जुलैमध्ये विम्बल्डनच्या १४ वर्षांखालच्या स्पर्धेत खेळली, तेव्हा आमच्या कोर्टवरच्या मुली आठवडाभर पांढरे कपडे घालून येत होत्या. दोन दिवसांत ते लाल मातीने विटकरी झाले, तरी हट्ट सोडला नाही. अशा मुली तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यांच्या आयांना नातेवाईक 'उन्हात काळी पडेल' असं ऐकवतात, त्यावर शाळेने 'हजेरी पडेल' असं म्हटलं की पहिलं काय सुटतं हे सांगायला नको. मुलीच्या बाबतीत ते आणखी लवकर सुटतं.

म्हणून मागण्या. कोणाचाही अपमान करण्याचा हेतू नाही, पैसेही मागत नाही.

१. मान्यताप्राप्त संघटनेच्या रँकिंग स्पर्धेत प्रत्यक्ष खेळलेले दिवस आणि प्रवासाचा एक दिवस, हजेरीपटात हजर धरावेत. पुरावा म्हणून स्पर्धेचा छापील ड्रॉ पुरे. त्यात कोण कधी हरलं हेही दिसतं, त्यामुळे लबाडीला जागा नाही. वर्षाला किती दिवस, याची कमाल मर्यादा तुम्हीच ठरवा. मर्यादा असलेलीच बरी.

२. चुकलेली चाचणी, तोंडी आणि प्रात्यक्षिक परतल्यापासून पंधरा दिवसांत घ्यावं. प्रश्नपत्रिका वेगळी असू द्या, अवघड असू द्या.

३. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेमुळे दहावी-बारावीचा पेपर चुकला, तर तो पुरवणी परीक्षेच्या वेळी देता यावा आणि गुणपत्रिकेवर तो पहिलाच प्रयत्न म्हणून नोंदला जावा. नापासाच्या रांगेत उभं करू नका.

४. दर वर्षी जूनच्या आत शिक्षण खातं, परीक्षा मंडळ आणि टेनिस संघटना यांनी एका टेबलाभोवती बसून आपापली वेळापत्रकं समोरासमोर ठेवावीत. निदान सहामाहीचे आणि बोर्डाचे दिवस राज्यातल्या १४, १६ आणि १८ वर्षांखालच्या स्पर्धांसाठी मोकळे ठेवावेत.

५. स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येक क्लबला अभ्यासाची एक खोली बंधनकारक करावी. लहान वयोगटात एका मुलाने वर्षाला किती स्पर्धा खेळाव्यात, यावरही बोलायला सुरुवात करावी. माझ्यासारखे पालक आधी कुरकुर करतील. करू द्या.

आमच्या शाळेबद्दल माझ्या मनात राग नाही. तिच्या गणिताच्या सरांनी गेल्या वर्षी रविवारी सकाळी घरी बोलावून तिला दोन प्रकरणं शिकवली, एक रुपया घेतला नाही. पण एका सरांच्या चांगुलपणावर तिची चार वर्षं टांगून ठेवायची का? सर पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत.

येत्या सोमवारी अकरा वाजता नववीची पहिली चाचणी आहे, इतिहासाची. शनिवार-रविवारची पात्रता फेरी पार पडली तर त्याच सोमवारी, इथून पाच तासांच्या अंतरावर, मुलीचा मुख्य ड्रॉमधला पहिला सामना असेल. इतिहासाची वही बॅगेत रॅकेटच्या कप्प्यात घातली आहे. शाळेला मी रीतसर अर्ज दिला आहे, कारणाच्या रकान्यात 'टेनिस' असं लिहून. डॉक्टरांचा दाखला मी जोडलेला नाही आणि जोडणार नाही.

आपली,
एक पालक
सांगली